कडेला मेलेला ताक्यो

"मरायचं तर घाईने मरून चालत नाही, बघणाऱ्यांना बघायला वेळ मिळाला पाहिजे," असं ताक्यो एकदा म्हणाला होता. म्हणाला तेव्हा तो शेजाऱ्याच्या अंगणात उताणा पडला होता आणि भोवती लग्नाची मंडळी टाळ्या वाजवत होती. एक डोळा किलकिला करून त्याने एवढं वाक्य टाकलं आणि तो पुन्हा मेला.

पूर्ण नाव एउस्ताकियो गायारेस. पण सिलाय शहराच्या बाहेर, उसाच्या मळ्यांमधल्या त्या वस्तीत एवढं लांब नाव घ्यायला सवड कोणाला? तो ताक्योच राहिला. उभा जन्म साखर कारखान्यात गेला. रुळांवरून येणाऱ्या उसाच्या गाड्या रिकाम्या करायच्या, चिपाडाचे डोंगर ढकलायचे, आणि अंगाला गोड, आंबूस वास घेऊन घरी यायचं. उसाचे ट्रक अंगावर येतात म्हणून लहानपणापासून रस्त्याच्या अगदी कडेने चालायची सवय लागली, ती पुढे सगळ्या आयुष्यात पसरली. प्रार्थनेला तो बाकाच्या टोकाला बसे, जेवायला टेबलाच्या कोपऱ्याला. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो असा उभा होता की फोटोवाल्याने त्याचा अर्धा चेहरा कापून टाकला होता.

"फोटो बघून लोक विचारतात, तुझं लग्न कोणाशी झालं?" त्याची बायको पुरिंग म्हणायची.

"सांग, उरलेल्या अर्ध्याशी झालं," ताक्यो म्हणायचा.

एकाच गोष्टीत तो मधोमध यायचा. वस्तीत बारसं असो, लग्न असो की गावच्या संताचा उत्सव, जेवणं उरकली आणि माडीचा तांब्या दुसऱ्यांदा फिरला की कोणीतरी ओरडायचं, "ताक्यो, मर बघू!" मग तो उठायचा. छातीला हात लावायचा, अर्धी गिरकी घ्यायचा, दोनचार पावलं लडखडत जायचा. खाली मान घालून, झोपायची जागा शोधावी तसं जमिनीकडे बघायचा, गुडघ्यांवर यायचा आणि सावकाश, फार सावकाश आडवा व्हायचा. मुलाच्या, म्हणजे रोनेलच्या, जन्माआधी मनिलाहून आलेल्या चित्रपटवाल्यांनी जुन्या कारखान्यात शेवटची मारामारी घेतली होती, त्यात आपण असेच मेलो होतो, असं तो सांगे. सगळे त्या चित्रपटाला 'जळत्या कारखान्याचा' म्हणत.

पुरिंग या मरणाला हसायची, सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवायची. पण तिला ठाऊक होतं की हे घडलेलं नाही.

ठाऊक असायला कारण शर्ट. त्या दिवशी चित्रपटवाल्यांनी सांगितलं होतं, दरोडेखोरांनी आपापले कपडे आणावेत, जरा बरे आणावेत. ताक्योकडे बरा म्हणावा असा एकच कपडा होता, लग्नातला पांढरा शर्ट. पुरिंगला सातवा महिना होता आणि ती चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "शर्टाला डाग लागला तर तिथेच मरून राहा. घरी येऊ नकोस."

संध्याकाळी तो मरून घरी आला, तर शर्ट स्वच्छ. पाठीवर धूळ नाही, इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. चिपाडाच्या भुशात पडलेल्या माणसाचा कपडा दगडावर किती आपटावा लागतो, हे पुरिंगपेक्षा जास्त कोणाला माहीत? तिने शर्ट नाकाशी नेला. नुसता घाम. ती काय समजायचं ते समजली. हा गर्दीत उभा राहून बघून आला होता. तिने विचारलं नाही. नवऱ्याने उभ्या जन्मात एकच मोठं खोटं सांगितलं होतं, तेही निरुपद्रवी. तिने ते शर्टासारखंच घडी करून ठेवून दिलं.

पडद्यावर खरंखोटं व्हायचा प्रसंगच आला नाही. चित्रपट गावोगाव फिरून त्यांच्या गावी पोहोचला तोवर रीळ इतक्या वेळा तुटून जोडलं गेलं होतं की नायक कारखान्यात शिरला आणि पुढच्याच क्षणी लग्नात नाचायला लागला. कारखाना कधी जळला, कोण मेलं, काही कळलं नाही. पुढे ते थिएटरही बंद पडलं. ताक्यो मात्र अंगणाअंगणात मरत राहिला.

हे सगळं असंच चाललं असतं, पण सेर्बो आडवा आला.

सेर्बो हा रोनेलचा धर्मपिता. त्यामुळे तो आणि ताक्यो एकमेकांना 'पारे' म्हणत, आणि पारे म्हटल्यावर काहीही बोलायची मुभा असते. सेर्बोने कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म काढला होता. उसाचा ट्रक असो की माणसाचा शब्द, काट्यावर चढल्याशिवाय तो मानत नसे. एका संध्याकाळी माडी पिता पिता तो म्हणाला, "पारे, पुढच्या रविवारी माझ्या नातीचा बाप्तिस्मा. बकोलोदहून व्याही येणार, शहाणीसुरती माणसं. तू मरशील, ते विचारतील, कुठल्या चित्रपटात? मी काय दाखवू त्यांना? तुझं तोंड?"

"माझं तोंड पुरेल की."

"तोंडच तर पुरत नाही! सूनबाईच्या भावाला तो चित्रपट मिळालाय ना? घरात एवढा मोठा टीव्ही आहे. लाव की. दिसलास, तर माझ्या अंगणात मधोमध मर, खुर्च्या मी स्वतः सरकवतो. नाही दिसलास, तर हे मरण बंद. माझ्याकडेच नाही, कुठेच नाही. कबूल?"

ताक्योने माडीचा घोट घेतला, ओठ पुसले.

"कबूल."

आत तांदूळ निवडत बसलेल्या पुरिंगचे हात थांबले.

सूनबाई म्हणजे जोसी, रोनेलची बायको. रोनेल बोटीवर होता, वर्षाचे दोन महिने घरी आणि बाकीचे समुद्रावर. तेव्हा फोन अजून बटणांचे होते आणि माणसं कॉम्प्युटरवर बसायला दुकानात जात. जोसी अशाच एका दुकानात कामाला होती. ते दुकान बंद झालं तेव्हा मालकिणीने तिला एक कॉम्प्युटर भेट दिला, पण त्याच्या पडद्यात पालीने घर केलेलं असल्यामुळे पडद्याशिवाय दिला. आंधळं खोकं म्हणून ते पलंगाखाली पडून होतं. जोसीच्या भावाने चित्रपट पेनड्राइव्हवर आणून दिला होता. ताक्योने तिला शपथ घातली होती, आधी कोणी बघायचा नाही, बघायचा तर सगळ्यांनी एकदम.

"केबल आणली की झालं, नानाय," जोसी सासूला म्हणाली; सासूला ती नानाय म्हणे, सासऱ्याला ताताय आणि सेर्बोला नोंग. "खोक्याला डोळे नाहीत ना, टीव्हीचे डोळे द्यायचे."

"माझ्या टीव्हीचे नकोत," पुरिंग म्हणाली.

तो टीव्ही रोनेलने पाठवला होता. पुरिंगने त्याच्यावर स्वतः विणलेलं जाळीचं आच्छादन घातलं होतं, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलं होतं. पडद्याच्या डाव्या कडेला खाली हाताच्या पंजाएवढं सोनेरी स्टिकर होतं, त्यावर टीव्हीचे सगळे गुण छापलेले. ते तिने काढू दिलं नव्हतं. स्टिकर काढलं की वस्तू जुनी होते, अशी वस्तीतल्या सगळ्याच बायकांची समजूत. "रोनेल येईल आणि स्वतःच्या हाताने काढेल," असं ती म्हणायची. रोनेल दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"बिघडेल," ती आता म्हणाली. "कुठल्या कुठल्या पोरांनी हाताळलेलं खोकं. त्यातले किडे माझ्या टीव्हीत जायचे."

"तसले किडे केबलमधून नाही जात, नानाय."

"तुला काय माहीत? आणि वीज केवढी खाईल!"

सगळ्यांना वाटलं, म्हातारी टीव्हीला जपते आहे. ती कोणाला जपत होती, ते तिचं तिलाच माहीत. रात्री तिने नवऱ्याला हळूच विचारलं, "ताक्यो, राहू दे ना. सेर्बोला सांगू, केबल मिळाली नाही."

"का?" त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "तुला बघायचं नाही मला?"

पुरिंगने हात लांब करून दिवा मालवला.

बाप्तिस्म्याच्या आठवडाभर आधी, रविवारी प्रार्थना आटोपून सगळे आले. सेर्बो आला, त्याची बायको आली, शेजारच्या दोन घरांतली माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन आली. पुरिंगने तुरी, कच्चा फणस आणि डुकराचं मटण घालून मोठं पातेलंभर कालवण केलं होतं. लोकांची तोंडं भरलेली असली की बोलणी कमी ऐकावी लागतात, असा तिचा हिशेब. खिडक्यांना चादरी लावल्या. जोसीने खोकं पलंगाखालून ओढून काढलं, धूळ फुंकली. भिंतीवर प्लग घालायला जागा दोनच. एकीत टीव्ही, दुसरीत पंखा.

"पंखा काढते," जोसी म्हणाली.

"आम्हाला उकडून मारता काय?" सेर्बो म्हणाला.

"नोंग सेर्बो, आज मरायचा मान तातायचा आहे. तुम्ही नुसते घामाघूम व्हा."

केबलचं एक टोक खोक्याच्या पाठीत गेलं, दुसरं टीव्हीच्या पाठीत. पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. मधोमध अक्षरं आली, सिग्नल नाही.

"बघ," पुरिंग लगबगीने म्हणाली. "त्याला नकोच आहे. चला, जेवून घ्या."

पण जोसीने पिशवीवरूनच रिमोट दाबला, एकदा, दोनदा, टीव्हीला हळूहळू समजावत गेल्यासारखा. मग एकदम पडद्यावर एक हिरवा राक्षस उभा राहिला, तोंडातून जाळ काढणारा. दुकानात पोरं खेळायची त्या खेळाचं चित्र. खुर्च्यांमधून टाळ्या पडल्या. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "हा ताक्यो काय?"

"नाही," ताक्यो म्हणाला. "हा पारे सेर्बो. वजन करताना."

चित्रपट सुरू झाला. चांगला लांबलचक होता. नायकाची आई आजारी पडली, बहिणीला पळवलं, नायकाने तीन गाणी म्हटली. कालवण संपत आलं. ताक्यो खोलीच्या टोकाला, दाराजवळच्या स्टुलावर बसला होता, हात मांड्यांमध्ये धरून. पुरिंग चुलीच्या तोंडाशी उभी होती. तिला पडद्यापेक्षा तो जास्त दिसत होता. हा माणूस मरण बंद झाल्यावर काय करील? जेवणं झाल्यावर लोक त्याच्याकडे बघणार नाहीत, तेव्हा तो कुठे बघेल?

जुना कारखाना आला. गाड्यांचे रूळ, धुरांडं, चिपाडाचा ढीग. "अरे, आपली विहीर!" कोणीतरी ओरडलं. नायक मधोमध उभा राहिला, गोळ्या सुटल्या, दरोडेखोर पटापट पडले, एकेक गोळी आणि एकेक मुडदा. मग नायकाने बंदूक खाली घेतली आणि तो आईविषयी, जमिनीविषयी, न्यायाविषयी बोलू लागला. बोलला, बोलला, आणि कारखाना जळला.

ताक्यो नव्हता. एकदा डाव्या कडेने एक कोपर आत आलं आणि गेलं, तेवढंच.

सेर्बोच्या बायकोने चमचा ताटात ठेवला, त्याचा आवाज मोठा वाटला.

"कोपर होतं," ताक्यो म्हणाला.

"पारे," सेर्बो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, हेच वाईट होतं. "कोपर काय, मलाही आहेत दोन. जाऊ दे. झालं गेलं. माडी काढ."

जोसी चित्रपट थांबवायला उठली आणि थांबवल्यावर तशीच वाकून पडद्याकडे बघत राहिली. "थांबा," ती म्हणाली. "घड्याळ कुठे आहे?"

"पळून जायला वेळ बघतेस काय?" सेर्बो म्हणाला.

"नाही हो! कॉम्प्युटरच्या तळाशी एक पट्टी असते, तिच्या कोपऱ्यात घड्याळ असतं. ती पट्टीच दिसत नाहीये. म्हणजे टीव्ही चित्र फुगवून दाखवतोय. चारही कडा बाहेर सांडल्यात."

"सांडल्यात म्हणजे? कुठे?"

"कुठे म्हणजे, भिंतीत!"

सगळ्यांनी टीव्हीमागच्या भिंतीकडे पाहिलं. ताक्यो स्टुलावरून अर्धा उठला होता. जोसीने रिमोटवरचं रबर काढलं, पिशवी काढली. पुरिंगने ती पिशवी उचलून घडी केली. बरीच बटणं दाबून झाली. शेवटी चित्र दचकल्यासारखं आत सरकलं, तळाशी करडी पट्टी उगवली आणि कोपऱ्यात घड्याळ. जोसीने कारखाना पुन्हा आणला.

आता डाव्या कडेला, सोनेरी स्टिकरच्या वर, एक टोपी होती. टोपीखाली धुरकट, लहानसा चेहरा. बंदूक वाजली, टोपीवाल्याने छातीला हात लावला, अर्धी गिरकी घेतली, आणि स्टिकरमागे मेला.

एकच गलका झाला.

"तोच! तोच!"

"टोपीच तर दिसली. टोपी कोणाचीही असेल," सेर्बो म्हणाला, पण तो खुर्चीच्या काठावर आला होता. "चेहरा म्हणजे नुसता डाग. खाली काय केलं ते दाखवा! ते स्टिकर काढा!"

"काढा स्टिकर!"

सगळी डोकी पुरिंगकडे वळली. जोसी हळूच म्हणाली, "नानाय, तुम्ही म्हणाल तसं."

आता नाही म्हटलं तर भागणार होतं. अर्धं दिसलं, अर्धं झाकलेलं राहिलं. सेर्बोला जिंकता आलं नसतं, ताक्यो हरला नसता. स्टिकरच्या आड काहीही असू शकत होतं. पुरिंग पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसत पुढे आली. "जरा मागे घे," ती म्हणाली. "टोपी येते तिथे."

टोपी आली. पुरिंगने टोपीकडे पाहिलं नाही. तिने हातांकडे पाहिलं. पांढऱ्या बाह्या. डावी कोपराच्या वर दुमडलेली, उजवी कोपराच्या खाली. आजही तो तशाच दुमडतो, आजही ती ओरडते, आणि आत्ता, या क्षणी, दारातल्या स्टुलाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या बाह्या तशाच होत्या.

तिने स्टिकरच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ते सर्रकन ओढून काढलं.

"लाव आता," ती म्हणाली.

नायक मधोमध उभा होता. तो आईविषयी बोलू लागला, पण त्याचं एक अक्षर कोणी ऐकलं नाही. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या शर्टातला एक बारीक तरुण मरत होता. बाकीचे केव्हाच मरून गार झाले होते, हा अजून चालत होता. लडखडत दोनचार पावलं गेला. मान खाली घालून जमिनीवर काहीतरी शोधलं. एक रिकामं साखरेचं पोतं पडलं होतं. मरता मरता त्याने ते पायाने ओढलं, दुसऱ्या पायाने नीट पसरलं. नायक जमिनीविषयी बोलू लागला. तरुण गुडघ्यांवर आला, शर्टाचा मागचा काठ दोन बोटांनी उचलून नीट केला, आणि पाळण्यात मूल ठेवावं तसं स्वतःला त्या पोत्यावर आडवं ठेवलं. एक हात पोत्याबाहेर भुशात जाऊ लागला, तो त्याने मागे घेतला. नायक न्यायाशी पोहोचला तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले.

शेजारची म्हातारी हसून हसून खुर्चीवरून घसरली. सेर्बो डोळे पुसत होता आणि टोपी नाही म्हणून डोक्यावरचे केसच धरून म्हणत होता, "पोतं! पारे, अरे, पोतं सरळ केलंस! गोळी लागल्यावर!"

"शर्ट खराब झाला असता," ताक्यो म्हणाला. "हिने घरात घेतलं नसतं."

पुरिंग हसली नाही. सोनेरी स्टिकर बोटांना चिकटवून ती पडद्यासमोर उभी होती. तिला आपल्याच नाकाला लागलेला तो कपडा आठवत होता, घामाचा, स्वच्छ. एवढी वर्षं. मग ती दाराशी गेली, नवऱ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मेल्या," ती म्हणाली, "पोत्याबद्दल कधी बोलला नाहीस."

"आठवत नव्हतं. पाय शोधायचे काहीतरी, काय ते विसरलो होतो."

पुरिंगने बोटांवरचं स्टिकर त्याच्या छातीवर लावलं आणि तळव्याने दोनदा दाबलं, आच्छादन नीट करावं तसं.

"पारे," सेर्बो उठून उभा राहिला, हात जोडल्यासारखे करत. "पुढच्या रविवारी ये. खुर्च्या मी सरकवतो, व्याह्यांना पहिल्या रांगेत बसवतो. आणि आत्ता, या सगळ्यांसमोर एकदा मर बघू! पोतं मी आणतो!"

"मर, ताताय!" जोसी ओरडली. "मर! मर!" सगळी खोली ओरडू लागली.

ताक्योने पडद्याकडे पाहिलं. जोसीने चित्र थांबवलं होतं, आणि पोत्यावरच्या त्या तरुणाचा चेहरा रोनेलचा होता, हुबेहूब, दुपारचा झोपलेला रोनेल. ताक्यो त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर बसवली, छातीवरच्या सोनेरी स्टिकरसकट उंबरा ओलांडला आणि उन्हात चालू लागला.

सगळे दारात जमले. तो गल्लीच्या मधोमध चालला होता, आणि त्याच्या मागून एक तीनचाकी ट्रायसिकलवाला भोंगा वाजवत, वाजवत, हळूहळू येत होता.